न सांडणारा हात

९ ऑक्टोबर

ठकू,

आशीर्वाद. नको असले तरी घे, परत पाठवायची सोय नाही.

"गेलात तर पत्र टाकू नका, मी उत्तर देणार नाही," असं तू म्हणालीस. नीट ऐकलं मी. कानानं मी अजून धड आहे. तू उत्तर देणार नाहीस हे तू ठरवलंस, ठीक. मी लिहिणार नाही असं मी कुठे म्हणालो? तेव्हा मी लिहिणार. फोडायचं नसेल तर नको फोडूस. तुझ्या शिलाई मशीनचा एक पाय डुगडुगतो, त्याच्याखाली घडी करून घाल. माझ्या गिचमिड अक्षराचा तेवढा तरी उपयोग होईल.

पत्रात गावाचं, बोटीचं, माणसांचं, कुणाचंही नाव लिहायला इथे बंदी आहे. लिहिलं की बंदराच्या कचेरीतले लोक त्यावर काळं फासतात. म्हणून सगळ्यांना हुद्द्यानंच ओळख. साहेब म्हणजे आमच्या बोटीवर नौदलानं नेमलेला कप्तान. तुझ्याच वयाचा असेल. लढाईआधी शाळेत भूमिती शिकवायचा, अजूनही बोलताना हवेत खडू धरल्यासारखी बोटं धरतो. मला "काका" म्हणतो. मिस्त्री तुला माहीतच आहे, इंजिन सोडून जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्याची तक्रार असते. आणि आपला वाढपी, तोही राहिला बघ. मालकांच्या पाहुण्यांपुढे तबकं फिरवणारा माणूस आता तोफेपाशी उभा असतो. तोफगोळासुद्धा दोन हातांवर असा अदबीनं आणतो की वाटतं, आता विचारेल, "आणखी एक वाढू का?"

बोट म्हणजे आपल्या बाईसाहेब, दुसरं कोण. मालकांची हौसेची यॉट होती ही, असं आज कुणाला सांगून पटणार नाही. पांढऱ्याशुभ्र अंगावर करडा रंग फासला, नाव खरवडून नंबर घातला. पियानो गेला, मखमली कोच गेले. मालकिणीचा न्हाणीटब दारातून निघेना, तर नौदलाच्या सुतारांनी दारच फोडलं. पुढे जिथे पाहुण्या बायका उन्हात लोळायच्या तिथे तोफ आली. मागे जिथे चहाची टेबलं मांडायचो तिथे लोखंडी पिंपं रचलीत. ती पाण्यात ढकलली की खाली जाऊन फुटतात. पाणबुडीसाठी असतात. आमचं काम एवढंच, की बंदराच्या तोंडाशी गस्त घालायची आणि मालवाहू जहाजांच्या वाटेत काही वंगाळ येऊ द्यायचं नाही.

एक वस्तू तेवढी जागेवर राहिली. दिवाणखान्याच्या भिंतीत कपाट होतं, मालकांच्या आईच्या काचेच्या पेल्यांचं, आठवतं? लहानपणी तुला एकदा बोट दाखवायला आणलं होतं. मी ऐटीत सांगत होतो, "बाबा इतकी हळू बोट वळवतो की पेल्यातलं थेंबभर सांडत नाही." तू विचारलंस, "यातून कोण पितं?" मी म्हटलं, "कुणी नाही. हे बघायचे पेले आहेत." त्यावर तू म्हणालीस, "मग सांडणार काय?" मालकांनी निघताना मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बाकी गेलं ते गेलं. हे मात्र या कपाटातून हलवायचे नाहीत. बोट परत मिळेल तेव्हा मला ते इथेच दिसले पाहिजेत." मी शब्द दिला. साहेबांना अजून बोललो नाही. कपाटावर जाड ताडपत्री ठोकली आहे, तिच्यावर आम्ही ओले डगले अडकवतो.

तू माझ्यासाठी खोली रंगवलीस, खाट खिडकीशी लावलीस, भिंतीत खिळा मारून त्यावर निळा पत्र्याचा मगसुद्धा अडकवलास, हे जावईबापूंनी मला सांगितलं. "घरात दोन पुरुष आणि दोघंही पाण्यात," असं म्हणून तू दार आपटलंस तेही लक्षात आहे. येईन मी त्या खोलीत. पण आत्ता नाही.

तुझा, तुझ्याइतकाच हट्टी,
बाबा

२ नोव्हेंबर

ठकू,

आशीर्वाद, मागच्या खेपेसारखेच.

थंडी पडली आहे. जेवण बरं असतं. मिस्त्री म्हणतो बरं नसतं. तुझ्याकडे गुडघ्यांना लावायचं तेल मागणार होतो, पण तू बोलतच नाहीस तर मागू कुणाकडे?

बोट सध्या गोदीत आहे. किरकोळ डागडुजी. लाकडाची बोट म्हटल्यावर हे आलंच, काळजीचं कारण नाही. वाढपी घसरून पडला, पुढचे दोन दात गेले. शीळ घातल्यासारखा बोलतो आता. तोही मजेत आहे.

गोदीचे सुतार हुशार आहेत. फळ्या ठोकण्याचा आवाज दिवसभर चालतो. एवढंच.

बाबा

८ नोव्हेंबर

ठकू,

मिस्त्रीणबाई तुझ्याच गल्लीत राहते हे माझ्या ध्यानात राहायला हवं होतं. नवरा तिला सगळं लिहितो आणि ती सगळं गल्लीला वाचून दाखवते. तेव्हा "किरकोळ डागडुजी"चं पितळ एव्हाना उघडं पडलंच असेल. तिच्याकडून तिखटमीठ लावलेलं ऐकण्यापेक्षा माझ्याकडून धड ऐक.

मी या कामाला लागलो तेव्हा जुन्या कप्तानानं मला सुकाणू कसं शिकवलं ते तुला माहीत आहे. चाकासमोरच्या फळीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा. पाणी सांडलं की त्या दिवशी माझं जेवण बंद. पहिल्या उन्हाळ्यात माझ्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दशा झाली होती. पण हात बसला. पुढे कप्तान गेला, पेला राहिला आणि बोटीवर सगळेच त्या पेल्याचे झाले. वाढपी त्याच बेतानं चालायला शिकला. मिस्त्री तर खाली इंजिनापाशी असतो, त्याला बाहेरचं काही दिसत नाही. पण बोट वळायला लागली की त्याच्या तळपायांना कळतं, आणि कुणी न सांगता तो वेग उतरवतो. पाहुण्यांचा तोल जाऊ नये म्हणून. इतकी वर्षं आम्ही वळत आलो ते असं, मी वरून आणि तो खालून, एकमेकांना हाक न मारता. याचा आम्हाला केवढा गर्व होता म्हणून सांगू!

त्या दिवशी सकाळी वाढप्याला पाण्यात काहीतरी दिसलं. पाणबुडीची नळी असावी. साहेब ओरडले, "पूर्ण डावीकडे! पूर्ण वेग!" मी चाक फिरवलं. माझ्या मते फिरवलं. पण हातांनी आपला जुनाच हिशेब धरला, सावकाश, गोल, लोणी कापल्यासारखं. आणि खाली मिस्त्रीच्या तळपायांना वळण कळलं, त्यानं इमानेइतबारे वेग उतरवला. नेमकं त्याच क्षणी मागच्या पोरांनी पिंप पाण्यात ढकललं. पिंप टाकलं की तिथून पळ काढायचा असतो गं! आणि आम्ही आपले पाहुण्यांना सूर्यास्त दाखवत असल्यासारखे डुलत उभे.

ते जवळजवळ आमच्याच बुडाखाली फुटलं. बाईसाहेब मागून उचलल्या गेल्या, परत आपटल्या. मागच्या फळ्या उसवल्या, गुडघाभर पाणी आत आलं. वाढप्याचे दात तोफेवर आपटून गेले. कुणी मेलं नाही, हे केवळ नशीब. दुसऱ्या बोटीनं आम्हाला दोर बांधून ओढत आणलं. सगळं बंदर बघत होतं.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत. मला आणि मिस्त्रीला समोर उभं केलं आणि हळू आवाजात विचारलं, "काका, कुणाचा पेला सांडणार होता?"

त्या पेल्याची गोष्ट मीच त्यांना ऐटीत सांगितली होती. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

मग त्यांनी सांगितलं की नवा सुकाणूवाला मागवला आहे. तरुण आहे, मासेमारीच्या बोटीवरचा. तो येईपर्यंत मी चाकावर, नंतर मी किनाऱ्यावर. "तुमचं वयही झालंय," असं म्हणाले. वाईट मनानं नाही म्हणाले.

तुला आनंद झाला असेल. होऊ दे. पण मी उतरणार नाही. साहेबांना तसं तोंडावर सांगितलं. म्हटलं, "जो हात असा शिकला, तो तसाही शिकेल." ते म्हणाले, "काका, शिकायला वेळ कुठाय?" मी म्हटलं, "माणूस यायचाय ना अजून? तेवढा वेळ माझा."

बाबा

२४ नोव्हेंबर

ठकू,

बाईसाहेब पुन्हा पाण्यात उतरल्या. मागच्या बाजूला नव्या फळ्या आहेत, रंगाच्या आतून कळतात.

माझं काय चाललंय ते ऐक, हसशील. सकाळी गस्तीला निघायच्या आधी साहेब आम्हाला मोकळ्या पाण्यात नेतात आणि माझी शिकवणी घेतात. "काका, वर्तुळ लहान काढा. अजून लहान. हे ताटाएवढं झालं, मला वाटीएवढं हवंय." मी चाक फिरवतो. मिस्त्रीनं तर स्वतःचाच इलाज केला. तळपायांना काही कळू नये म्हणून जाड बूट घातले, आत लोकर कोंबली. "तुझ्या वळणाशी आता माझा संबंध संपला," म्हणतो. "हे ऐक, मी वेग उतरवणार नाही. तू बोट उलटीपालटी कर, मी खाली मरतो सुखानं." त्याचं जमलं. माझं जमत नाही.

का जमत नाही ते साहेबांना वाटतं तसं नाही, ठकू. हाताला सवय आहे हे खरं. पण चाक जोरात फिरवलं की खालून, ताडपत्रीच्या आडून, किणकिण ऐकू येते. पेल्यांची. इंजिनाच्या एवढ्या धडधडाटात दुसऱ्या कुणालाही ऐकू येत नाही. मला येते. आणि ती ऐकली की हात आपोआप आखडतो. मी आखडत नाही, तो आखडतो.

मिस्त्रीला सांगितलं तर त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अरे शहाण्या, मग किनाऱ्यावर नेऊन ठेव की ते! पेंढ्यात गुंडाळ, खोक्यात घाल, झालं!" मी म्हटलं, "शब्द दिलाय. कपाटातून हलवायचे नाहीत." तो म्हणाला, "मालक परदेशात बसलेत मजेत." मी म्हटलं, "म्हणून काय शब्दही परदेशात गेला?" मग तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तुमचं दोघांचं चांगलं जमेल.

तू विचारशील, म्हातारपणी ही कसली खाज? तुझी समजूत अशी, की मला लेकीपेक्षा बोट प्यारी. म्हणून मालकांनी सोडली तरी मी तिला चिकटलो. मी त्या वेळी काही बोललो नाही, कारण जावईबापू समोर बसले होते आणि त्यांच्यादेखत बोलण्यासारखं नव्हतं. आता सांगतो. तुझा नवरा ज्या जहाजावर स्वयंपाकी आहे, ते जहाज याच बंदरात माल आणतं. याच तोंडातून आत येतं. धुराड्याला ठिगळ लावलेलं जहाज, ज्याची तो स्वतःच थट्टा करतो. एवढं लिहिलेलं कचेरीतले राहू देतील असं वाटतं. हे तोंड अरुंद आहे. आत शिरलेल्या जहाजाला तिथे वळता येत नाही, थांबता येत नाही. तिथे कुणीतरी डोळ्यांत तेल घालून उभं असायला हवं. ते कुणीतरी मी असेन, दुसरा कुणी नाही. तुझी आई गेली तेव्हा तू माझ्या शर्टाची बाही धरून तीन दिवस सोडली नव्हतीस. तशी पाळी मी तुझ्यावर पुन्हा येऊ देणार नाही. खिडकीशी बसून तुझ्याबरोबर त्याची वाट बघण्यापेक्षा मी इथे वाटेत उभा राहीन. मला तुझ्याहून प्यारं काहीही नाही, बाई. बोट तर नाहीच.

हे एकदा लिहून टाकलं. पुन्हा लिहायला लावू नकोस.

नवा सुकाणूवाला येत्या आठवड्यात येतो आहे.

बाबा

३ डिसेंबर

ठकू,

आधी हे वाच. तुझा माणूस सुखरूप आहे. हातीपायी धड आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेल त्याच्या मागोमाग तो दारात उभा राहील, त्याला सुट्टी मिळाली आहे. आता श्वास घे आणि पुढचं वाच.

काल सकाळी जहाजांची रांग आत येणार होती. आम्ही तोंडाशी होतो. धुकं नुकतंच विरलं होतं, पाणी सपाट. मला सकाळपासून एकच गोष्ट डाचत होती, की नवा माणूस उद्या येणार आणि आपलं वळण अजून ताटाएवढंच आहे. रांगेतलं पहिलं जहाज आमच्या बाजूनं आत गेलं. त्याच्या मागून दुसरं येत होतं. मी बघितलं तर धुराड्याला ठिगळ.

मी साहेबांना म्हटलं, "हे आमच्या जावयाचं." साहेब म्हणाले, "छान. समोर बघा."

तेवढ्यात वाढपी ओरडला. त्याचं ओरडणंही आता शीळ घातल्यासारखं येतं, पण कळलं. आमच्या मागच्या अंगाला, वाटेच्या अगदी मधोमध, पाण्यात काळं काहीतरी वरखाली होत होतं. सुटलेला सुरुंग, जहाज टेकलं की फुटणारा. गोल, शिंगांचा. ओहोटीच्या ओढीनं तो सरळ ठिगळवाल्या जहाजाकडे चालला होता, आणि जहाज त्याच्याकडे. आमची तोफ पुढच्या टोकाला, आणि तोंड समुद्राकडे. बोट जागच्या जागी गर्रकन फिरल्याशिवाय तोफ तिकडे वळणार नव्हती. जहाजाला शिट्टी दिली, झेंडे दाखवले. पण ते थांबणार कुठे आणि वळणार कुठे!

साहेब म्हणाले, "काका, पूर्ण उजवीकडे. पूर्ण वेग." ओरडले नाहीत. वर्गात म्हणावं तसं म्हणाले.

मी चाक फिरवलं. बाईसाहेब कलल्या. आणि खालून किणकिण सुरू झाली.

हात आखडायला लागला, ठकू. मला कळलं तो आखडतोय. आणि त्या क्षणी मला तू ऐकू आलीस. आत्ताची नाहीस, लहानपणची. "मग सांडणार काय?"

मी चाकाला दोन्ही हातांनी लोंबकळलो. अंगाचा सगळा भार टाकला त्याच्यावर. "फुटा, मेल्यांनो!" म्हणून ओरडलो, असं साहेब सांगतात. मला आठवत नाही. बोट अशी आडवी झाली की एका बाजूचं पाणी थेट माझ्या पायांशी आलं. मिस्त्रीनं खाली वेग तसूभर उतरवला नाही. आणि मग तो आवाज आला, सगळं कपाट एकदम खाली यावं तसा. ताडपत्री, डगले, कपाटाचं दार आणि मालकांच्या आईचे पेले. किती वेळ फुटत होते कोण जाणे. खरं सांगू? मला इतकं हलकं वाटलं! चाक एकदम सैल झाल्यासारखं वाटलं. बोट वाटीएवढ्या जागेत फिरली.

वाढप्याचा पहिला गोळा पलीकडे पडला. दुसरा अलीकडे. तिसरा त्यानं नेमका वाढला. पाण्याचा खांब उभा राहिला तो आमच्या डोलकाठीहून उंच, आणि ते जहाज, शिंतोड्यांनी भिजलेलं, तसंच पुढे येत होतं. त्याला खरचटलंसुद्धा नाही.

जहाज आमच्या शेजारून गेलं. स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि जावईबापू बाहेर आले, कमरेला मळका फडका. मी सगळ्यांदेखत वेड्यासारख्या हाका मारल्या, "अहो जावईबापू! अहो, इकडे!" त्यांनी आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. बादलीभर बटाट्याची सालं पाण्यात ओतली आणि आत निघून गेले. माझा जीव भांड्यात पडला आणि मला रडूही आलं. मिस्त्री वर आला होता. तो म्हणाला, "धूर गेला असेल डोळ्यांत." पहिल्यांदाच त्यानं तक्रार न करता काही म्हटलं.

दुपारी धक्क्यावर गाठ पडली. तुझा नवरा मला बघून खूश झाला आणि लगेच म्हणाला, "बाबा, सकाळी कोण मूर्ख तोफा उडवत होता हो? माझं सगळं सूप सांडलं!"

मी म्हटलं, "असेल कुणीतरी."

त्याला तूच सांग. मला सांगवलं नाही. तो तिथे हसत उभा होता, हातावर भाजल्याचा छोटासा डाग दाखवत होता, आणि मला नुसतं त्याच्याकडे बघत राहावंसं वाटत होतं.

आता पेल्यांचं. आम्ही झाडू घेऊन काच गोळा करत होतो तेव्हा साहेब खाली आले. ढिगातला एक तुकडा उचलून त्यांनी विचारलं, "हे इतके दिवस इथे होतं?" मी म्हटलं, "हो." "मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तुम्ही किनाऱ्यावर काढायला लावले असते. मी मालकांना शब्द दिला होता." ते खाली बसले आणि हसायलाच लागले. हसता हसता डोळे पुसले. मग म्हणाले, "काका, तुम्ही शाळेत माझ्या वर्गात असतात तर मी नोकरी सोडली असती."

एकही पेला वाचला नाही. मालकांना आज दोन ओळी लिहिल्या. "पेले फुटले. मी फोडले. शब्द मोडला, त्याचं वाईट वाटतं. फोडल्याचं वाटत नाही." त्यापुढे काय लिहायचं सुचलं नाही, म्हणून खाली सही केली.

नवा सुकाणूवाला आज सकाळी आला. चांगला पोरगा आहे, हात बेफाम जड आहे. साहेबांनी त्याला शेजारच्या बोटीवर पाठवलं. मी विचारलं, "का हो?" ते म्हणाले, "इथे जागा भरलेली आहे."

बाबा

१९ जानेवारी

ठकू,

पार्सल मिळालं.

आधी वाटलं गुडघ्यांचं तेल असेल. हलवून बघितलं तर आत काहीतरी खडखडलं. मिस्त्री, वाढपी, सगळे भोवती गोळा झाले. उघडलं तर निळा मग. त्या खोलीतला. चिठ्ठी असेल म्हणून मी कागद दोन्ही बाजूंनी बघितला, मगात हात घालून बघितलं. चिठ्ठी नव्हती. तळाशी कागदाच्या पुडीत एक खिळा होता.

मिस्त्री म्हणाला, "बाजारात खिळे मिळत नाहीत का? हा कशाला पाठवला?" त्याला काय कळणार. त्याला दोन मुलगे आहेत.

मी तो खिळा उलटासुलटा करून बघितला. टोकाला अजून भिंतीचा चुना लागलेला आहे, तू रंगवलेल्या भिंतीचा. ज्या खिळ्यावर तू माझ्यासाठी मग टांगून ठेवला होतास तो तू पक्कडीनं उपटलास आणि मला पाठवलास. बराच वेळ मी तो मुठीत धरून बसलो. चुना झटकला नाही.

उत्तर देणार नाही म्हणाली होतीस, आणि दिलंही नाहीस. शब्दाची पक्की आहेस. कुणावर गेली आहेस ते मी सांगत नाही.

तर आता ऐक. चाकाच्या उजव्या हाताला, मला उभ्या उभ्या पोचेल अशा जागी, तो खिळा ठोकला. साहेबांनी स्वतः हातोडा आणून दिला. तुझा मग त्यावर असतो. सकाळच्या शिकवणीला मात्र खाली उतरतो. आता समोरच्या फळीवर भरून ठेवायचा तो तुझा मग. नियम उलटा केला आहे. पाणी सांडलं नाही तर वळण कच्चं, परत घ्यायचं. काल मी एका वळणात सगळा मग साहेबांच्या बुटांवर रिता केला. ते म्हणाले, "शाबास." तुझा मग खाली पडून गडगडत वाढप्यापर्यंत गेला. त्यानं दोन हातांवर उचलून अदबीनं परत आणला. कडेला एक पोचा आला आहे. फुटला नाही.

मालकांचं उत्तर नाही. नसेना का. ज्यांचं यायला हवं होतं त्यांचं आलं.

जावईबापूंचं जहाज पुढच्या खेपेला कधी येतं ते मला ठाऊक आहे, पण लिहिता येत नाही. तुला एवढंच सांगतो, की मी तिथे असेन. त्याच्या सुपाची जबाबदारी मात्र घेत नाही, त्याला म्हणावं भांडं अर्धंच भर. आणि ही लढाई संपेल त्या दिवशी मी हा खिळा इथून काढीन, खिशात घालीन आणि सरळ तुझ्याकडे येईन, वाटेत कुठेही न थांबता. त्या खोलीत तोवर हवं तर शिलाईचे कपडे ठेव, मिस्त्रीणबाईला बसव, माझी ना नाही.

भिंतीतलं भोक तेवढं बुजवू नकोस.

तुझा,
बाबा